बायप्लेनच्या तारा लावायच्या की सोडायच्या? आणि नागपूरच्या हवेत कशाने?

सोनेगावकर

नमस्कार मंडळी. पहिल्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांतली लष्करी बायप्लेनं (एकावर एक दोन पंखांची विमानं) छोट्या स्केलमध्ये मॉडेल म्हणून करणारे आपल्यात मोजके असतील, पण आहेत. त्यांच्यासाठी आणि ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. तारा नसलेलं बायप्लेन अपुरं असतं. लाकडाचा सांगाडा, त्यावर लिननचं कापड, त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लेपाचे हात, असं ते विमान. नुसत्या स्ट्रटवर, म्हणजे दोन पंखांमधल्या उभ्या दांड्यांवर, ते पंख टिकत नव्हते. खालच्या पंखाच्या मुळापासून वर बाहेर जाणाऱ्या फ्लाइंग वायर उडताना भार घ्यायच्या. वरच्या पंखाच्या मधल्या स्ट्रटपासून खाली बाहेर जाणाऱ्या लँडिंग वायर जमिनीवर पंखांचं वजन पेलायच्या. पुढच्या आणि मागच्या स्ट्रटमधली फुली पंखाचा कोन राखायची. हे सगळं गाळलं तर ते विमान उभं कसं राहत होतं हे बघणाऱ्याला कळणारच नाही.

मनात तीन विमानं आहेत. पहिल्या महायुद्धात लढलेल्या दोन भारतीय वैमानिकांची, इंद्रलाल रॉय यांचं एस.ई.५ए आणि वेलिणकरांचं सॉपविथ डॉल्फिन, आणि आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचं वेस्टलँड वापिटी. घरात जागा कमी, म्हणून १/७२ कडे, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापाकडे, ओढा आहे. तर दोन प्रश्न:

१/७२ वर तारा खरंच शोभतात का?
आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि जुलैत भिंतींना ओल, अशा हवेत तारांसाठी काय वापरावं?

बर्डीवाला बंटी

भाऊ, मांजा लाव ना! संक्रांतीनंतर आमच्या गल्लीत झाडाझाडावर लटकून राहते. फुकट अन् मजबूत.

वायुसैनिक_निवृत्त

बंटी, नायलॉन मांजावर बंदी आहे आणि ती योग्य आहे. पक्षी आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात. घरात तो धागा आणूच नका, मॉडेलसाठीही नाही. शिवाय या कामाला तो फार जाड पडतो.

सोनेगावकर, धागा छान आहे. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

बर्डीवाला बंटी

हाव काका, मस्करी केली. मी तर झाडावरचा मांजा काढून जाळतो दरवर्षी.

पुणेरी स्प्रू

सोनेगावकर, तारा हे विमानाचं बांधकाम आहे हे शंभर टक्के मान्य. पण १/७२ बद्दल असहमत.

आकडे बघा. खऱ्या विमानावरची तार सहा मिलीमीटर धरली तर १/७२ वर ती ०.०८ मिमी होते. बाजारातला साधा धागा ०.२ मिमीचा असतो. तो १/७२ वर लावला म्हणजे खऱ्या विमानाला चौदा मिमीची सळई लावल्यासारखं झालं. दुरून विमान पिंजऱ्यात अडकल्यासारखं दिसतं. जाड तार लावण्यापेक्षा तार नसलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

१/४८ घ्या. तिथे तीच तार ०.१२५ मिमी होते आणि तेवढ्या जाडीचं साहित्य मिळतं. सॉपविथ कॅमल या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ८.५३ मीटर, म्हणजे १/७२ वर साधारण ११८ मिमी, १/४८ वर १७८ मिमी. कपाटात सहा सेंटीमीटरच जास्त लागतात! एडुआर्ड कंपनीचं १/४८ एस.ई.५ए किट अप्रतिम आहे, पंखावरच्या फितीसुद्धा माफक उंचीच्या आहेत.

सोनेगावकर

०.०८ मिमी म्हणजे माणसाच्या केसाएवढी जाडी. तेवढं बारीक काही मिळालं तर तुमचा आक्षेप उरतो का?

पुणेरी स्प्रू

नाही उरत. मग तुम्हाला सलाम.

इतवारीचे धागेदोरे

आमचं शिलाई साहित्याचं दुकान आहे, म्हणून लिहितो. साडीच्या फॉलला आणि मण्यांच्या कामाला लागणारा पारदर्शक नायलॉन धागा असतो, गिऱ्हाईक त्याला ‘इनव्हिजिबल’ म्हणूनच मागतात. त्यातला सगळ्यात बारीक ०.१ मिमीच्या आसपास भरतो. एक रीळ आयुष्यभर पुरेल. पण रिळावर लिहिलेल्या जाडीवर विसंबू नका. डिजिटल कॅलिपर घेऊन या आणि दुकानातच मोजा, कोणताही दुकानदार नाही म्हणणार नाही. पारदर्शक धाग्यावरून काळ्या-राखाडी मार्करचं टोक ओढलं की तो पोलादी दिसतो.

लवचीक हवा असेल तर मॉडेलवाल्यांसाठी मिळणारा लायक्राचा बारीक धागाच ऑनलाइन मागवा. शिलाईचं इलॅस्टिक फार जाड असतं.

मेघना_धंतोली

वाचतेय. विषय नवीन आहे, पण मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला याच काळातली विमानं आवडतात. कुठे विमान दिसलं की तिथून हलत नाही. त्याला पहिलं किट कोणतं द्यावं? हे तारांचं प्रकरण वाचून मला जरा धास्ती वाटली.

पुणेरी स्प्रू

मेघनाताई, फोकर डी.७. डोळे मिटून.

या जर्मन विमानाचे पंख जाड आणि आतूनच मजबूत होते, त्यामुळे दोन पंखांच्या मध्ये बाहेरून ताणाच्या तारा जवळजवळ नाहीतच. चाकांच्या स्ट्रटमधली फुली आणि नियंत्रणाच्या थोड्या केबल, संपलं. स्ट्रटही मजबूत, वरचा पंख लवकर बसतो. रोडेन कंपनीचं १/७२ मिळतं, पण मुलासाठी एडुआर्डचं १/४८ जास्त सोयीचं, भाग हातात नीट येतात. आणि विमान सामान्य नव्हे: १९१८ च्या युद्धबंदी करारात जर्मनीने कोणती शस्त्रं सुपूर्द करायची त्या यादीत या विमानाचं नाव घालून मागणी केलेली होती.

सुपरग्लू मात्र तुमच्या देखरेखीखालीच. त्याला ट्यूबमधलं साधं प्लॅस्टिक सिमेंट द्या आणि खिडकी उघडी ठेवा.

मेघना_धंतोली

खूप आभार! तारा नसलेलं बायप्लेन निघालं की. सोनेगावकर, तुमच्या पहिल्याच वाक्याला अपवाद मिळाला. :)

सोनेगावकर

मिळाला, आणि आनंदाने मान्य. फोकरला तारा नव्हत्या म्हणून मॉडेललाही नकोत. खऱ्या विमानाला जेवढ्या तेवढ्या, हाच माझा आग्रह.

अकोल्याची अश्विनी

मी पॉलिमरमध्ये काम करते, म्हणून तारांच्या साहित्याबद्दल थोडं.

नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषली की लांबीने वाढतं. कोरड्या हवेत पुन्हा आकसतं. विदर्भात हा फरक टोकाचा आहे. मे महिन्यात दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते, ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ऐंशीच्या वर असते. म्हणजे उन्हाळ्यात ताणून लावलेली नायलॉनची तार पावसाळ्यात सैल पडणार, आणि पावसाळ्यात ताणलेली तार उन्हाळ्यात पंख ओढणार. १/७२ च्या नाजूक स्ट्रटवर दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. पहिल्यात फक्त तारेला झोल दिसतो, दुसऱ्यात वरचा पंख पिळला जातो किंवा सांधा उखडतो.

म्हणून माझा सल्ला असा: नायलॉन वापरायचं तर कोरड्या दिवसांतच लावा आणि पावसाळ्यात मॉडेल बंद काचेच्या खोक्यात सिलिका जेल टाकून ठेवा. नाहीतर सरळ लायक्रा घ्या. तो मुळातच ताणलेला राहतो, हवेप्रमाणे होणारा बदल स्वतःच सामावून घेतो आणि स्ट्रटवर जोरही येत नाही.

सुपरग्लूचंही तसंच. तो हवेतल्या ओलीने घट्ट होतो. भर मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे तो नेहमीपेक्षा सावकाश धरतो. जवळ ओला स्पंज ठेवला तरी फरक पडतो.

तर्रीपोहे

अश्विनीताई, हे सोनं आहे. वाचनखूण साठवली.

आमच्याकडे आजवर ‘मॉडेल खराब झालं’ एवढंच म्हणायचे, कारण कोणी सांगायचं नाही.

बर्डीवाला बंटी

अन् कूलर? माझ्या खोलीत उन्हाळाभर कूलर चालू राहते. मग आर्द्रता काय मोजायची?

अकोल्याची अश्विनी

चांगला मुद्दा. कूलर चालू असलेल्या खोलीत मे महिन्यातही ओल बरीच असते. तिथे लावलेली तार कूलर बंद झाला की दुसऱ्याच दिवशी ताणते. तारा लावायच्या दिवशी कूलर सकाळपासून बंद ठेवा.

सोनेगावकर

कूलरची आणखी एक अडचण म्हणजे गवताच्या जाळीतून उडणारी धूळ आणि तूस. इनॅमल रंग वाळायला वेळ घेतो, तेवढ्यात ते सगळं पंखावर बसतं. मी उन्हाळ्यात रंगकाम पहाटे साडेपाच ते साडेसात करतो, कूलर बंद, खिडकी बंद. ॲक्रिलिकमध्ये रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणाऱ्या द्रवाचे) थेंब घालावे लागतात, नाहीतर एअरब्रशच्या टोकावरच रंग सुकतो. आणि पावसाळ्यात लॅकर वार्निश मारू नका. उडणाऱ्या थिनरने पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि पांढरी साय येते.

वायुसैनिक_निवृत्त

आता सविस्तर. माझे वडील हवाई दलात रिगर, म्हणजे विमानाच्या तारा लावून पंख जुळवणारे, होते, टायगर मॉथच्या काळातले. मी स्वतः एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर, होतो, शेवटची पोस्टिंग इथे वायुसेना नगरला, मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात. वडिलांकडून ऐकलेलं इथे सांगतो, कारण मॉडेल करतानाही तेच उपयोगी पडतं.

रिगर कधीच एकेक तार पूर्ण ताणून पुढे जात नसे. आधी मधला भाग, म्हणजे धडावरचे कबेन स्ट्रट आणि त्यांच्या फुल्या. तो चौकोनात आला की मग बाहेर. लँडिंग वायरने डायहेड्रल, म्हणजे पंखांच्या टोकांचा वर जाणारा कोन, जमवायचा, मग फ्लाइंग वायर हाताला लागेल एवढ्याच ताणायच्या, शेवटी फुलीच्या तारांनी पंखाचा कोन. डाव्या-उजव्या बाजू जोडीने. एक बाजू पुरी करून दुसरीकडे गेलं की विमान वाकडं बसतं. मॉडेलवरही हाच क्रम ठेवा, तारा आपोआप जुळतात.

आणखी एक. बऱ्याच ब्रिटिश विमानांच्या बाहेरच्या तारा गोल नव्हत्या. हवेला अडथळा कमी व्हावा म्हणून चपट्या, भिंगाच्या छेदासारख्या घडवलेल्या पोलादी तारा असत, त्यांना ‘राफवायर’ म्हणत. जर्मन आणि फ्रेंच विमानांवर गोल केबल आणि टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे पेच. त्यामुळे ब्रिटिश विमानावर टर्नबकलची गर्दी केली तर जाणकाराच्या नजरेत लगेच भरतं. आणि फ्लाइंग वायर बहुतेक वेळा दुहेरी असायच्या, लँडिंग वायर एकेरी. कारण उडताना भार जास्त.

वापिटीबद्दल: दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिटी आहे. ज्यांना हे मॉडेल करायचं आहे त्यांनी तिथे जाऊन तासभर उभं राहावं. फोटोत पंखांमधलं अंतर आणि इंजिनाचा घेर कळत नाही.

पुणेरी स्प्रू

काका, दंडवत. बाजू जोडीने घ्यायची हे मॉडेलच्या पुस्तिकेत कुठेच लिहीत नाहीत. यापुढे तसंच करणार.

इतिहासवेडा

सोनेगावकरांनी निवडलेल्या नावांबद्दल थोडं, कारण इथे नवीन वाचक दिसताहेत.

इंद्रलाल रॉय, जन्म कोलकाता, २ डिसेंबर १८९८. ४० व्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए उडवत ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत दहा विजय त्यांच्या नावे आहेत. २२ जुलैला हवाई लढाईत मृत्यू. वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. डी.एफ.सी. हे ब्रिटिश शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचे. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन. ३० जून १९१८ ला मृत्यू, फ्रान्समध्ये सोम भागात हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. मराठी वाचकांना हे नाव माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोनेगावकर, डॉल्फिन कराच.

हरदितसिंग मलिक यांना कुणी विसरू नका. २८ व्या स्क्वाड्रनमध्ये कॅमल. पगडीवर बसेल असं मोठं खास हेल्मेट करून घेतलं होतं. त्यांच्या कॅमलमध्ये वैमानिकाची मूर्ती बसवली तर ते हेल्मेट मिलिपुटने (मॉडेलवाल्यांच्या पुट्टीने) घडवावं लागेल, पण त्यावाचून ते मॉडेल त्यांचं वाटणार नाही.

आणि आता जे मला फार आवडतं ते. १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, चार वापिटींवर. त्या पहिल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. पुढे १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. इंद्रलाल रॉय हे त्यांचे मामा. म्हणजे मामाचं एस.ई.५ए आणि भाच्याचं वापिटी एकाच फळीवर ठेवता येतं.

मेघना_धंतोली

हे मुलाला वाचून दाखवलं. आता त्याला फोकर नको, मामाचं विमान हवंय! काय करू?

सोनेगावकर

मेघनाताई, फोकर आधीच करू द्या. तोवर मामाचं विमान मी करतो आणि त्याला शेवटच्या तारा लावायला बोलावतो. बारीक बोटं या कामाला सोन्यासारखी.

तर्रीपोहे

मामा-भाचे जोडी! मग दोन्ही एकाच स्केलमध्ये हवीत. आता १/७२ की १/४८ याला अर्थ आला.

पुणेरी स्प्रू

खरंय, आणि इथे माझी अडचण होते. वापिटी मोठं विमान, पंख साधारण १४.१५ मीटर. १/७२ वर जवळपास १९७ मिमी, तर एस.ई.५ए जेमतेम ११३ मिमी. शेजारी ठेवले की भाचा मामाच्या पावणेदोन पट. दृश्य सुंदर होईल. वापिटीला १/४८ मध्ये सगळं हातानेच घडवावं लागेल, १/७२ मध्ये निदान फ्रॉग कंपनीचं वॉलेस विमानाचं जुनं किट आधाराला घेता येतं. वॉलेस हे वापिटीचंच पुढचं रूप. धड कापून आखूड करा, चाकांवरची कवचं काढा, इंजिन बदलून ज्युपिटर बसवा.

बर्डीवाला बंटी

अन् रंग? मामाचं विमान हिरवं का तपकिरी? मी दोन्ही फोटो पाहिले, एकात हिरवं, एकात चॉकलेटी.

पुणेरी स्प्रू

आलं, पी.सी.१० आलं, त्या ब्रिटिश विमानांचा रंग. बंटी, तू या छंदातला सगळ्यात जुना वाद उकरलास.

इतिहासवेडा

तो तपकिरीच. जतन केलेले कापडाचे तुकडे तपकिरी आहेत.

पुणेरी स्प्रू

शंभर वर्षं जुना तुकडा बघून नव्या विमानाचा रंग ठरवू नका. पी.सी.१० म्हणजे पिवळसर गेरूसारखं लोहाचं रंगद्रव्य आणि काजळी, डोपमध्ये मिसळलेलं. काजळीचं प्रमाण, कारखाना, हात किती दिले, यावर तो ऑलिव्ह हिरव्याकडे किंवा तपकिरीकडे झुकतो. उन्हाने आणि वार्निशने आणखी तपकिरी होतो. नवं विमान किंचित हिरवट ऑलिव्ह, महिना-दोन महिने वापरलेलं तपकिरीकडे, असं मी करतो. काळ्या-पांढऱ्या फोटोवरूनही ठरवू नका. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल गडद आणि निळा फिकट उतरतो. कॉकेडचा, म्हणजे पंखावरच्या गोल राष्ट्रचिन्हाचा, लाल ठिपका काळा दिसतो तो त्यामुळे.

इतिहासवेडा

म्हणजे आपण दोघेही बरोबर? हे पहिल्यांदाच घडतंय.

पुणेरी स्प्रू

तारीख लिहून ठेवा.

नंदीकाम_महाल

मी महालातली. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवतात आणि रंगवतात, मीही रंगवते. विमानांतलं मला काही कळत नाही, पण भावाने धागा दाखवला आणि विमानाच्या पुढच्या पंख्याचे (प्रोपेलरचे) फोटो दाखवले. लाकूडकाम म्हणून दोन शब्द लिहिते.

तो पंखा एका लाकडाचा नाही, थरांचा आहे. गडद-फिकट थर एकावर एक चिकटवून मग कोरलेला. म्हणून पात्यावर वळणाच्या रेघा दिसतात. तुम्ही प्लॅस्टिकवर रंगवता तेव्हा ती रेघ पात्याच्या पिळाबरोबर वळली पाहिजे. सरळ पट्टी मारली तर खोटी दिसते. आधी फिकट बदामी रंग, तो पूर्ण वाळला की ट्यूबमधला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) अगदी थोडा, जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने एका दिशेने ओढायचा. पुसायचा नाही, ओढायचा. दोन दिवस वाळू द्या. मग पारदर्शक नारिंगी वार्निशचा पातळ हात.

मोठ्या आकाराचं करत असाल तर खऱ्या लाकडाचा पंखा करा. सागवान घेऊ नका, रेषा फार जाड आहेत. हळदूचं लाकूड घ्या. पिवळसर, घट्ट, बारीक पोताचं, कोरायला मऊ. त्यात मधे शिसवीची पातळ पट्टी. फर्निचरवाल्याकडे तुकडे मिळतात.

सोनेगावकर

ताई, हे आजवर कुठल्याही मॉडेलच्या मासिकात वाचलं नाही. हळदू डोक्यात बसला. डॉल्फिन १/३२ मध्ये केलं तर पंखा तुमच्याच पद्धतीने.

तर्रीपोहे

१/३२? मघाशी जागा नव्हती ना घरात!

पुणेरी स्प्रू

विंगनट विंग्जचं डॉल्फिन म्हणत असतील. न्यूझीलंडची कंपनी, २०२० मध्ये बंद पडली. तेव्हापासून त्यांचे किट हाताला लागले तर दुपटी-तिपटीने. पण डॉल्फिनचं विचाराल तर त्याहून चांगलं किट मी पाहिलेलं नाही.

बर्डीवाला बंटी

मागच्या उन्हाळ्यात मी रेझिनचं इंजिन मागवलं. कुरिअरच्या गाडीत दिवसभर भाजलं अन् एक्झॉस्टचे पाइप केळ्यावानी वाकून आले. काय करावं?

अकोल्याची अश्विनी

फेकू नका. रेझिनचे वाकलेले भाग कडकडीत गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा, आकार धरतात. प्लॅस्टिकचे स्प्रू (किटचे भाग जोडलेल्या चौकटी) मात्र गरम पाण्यात टाकू नका.

बर्डीवाला बंटी

जमलं! ताई, तुम्ही नागपूरला आल्या की तर्रीपोहे माझ्याकडून. आयडीवाले नाही, खायचे.

तर्रीपोहे

मीही येतो, आयडीवाला, खायला.

वायुसैनिक_निवृत्त

पोह्यांवरून आठवलं. १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची डकोटा विमानं मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रासहून मध्यरात्री याच सोनेगावच्या विमानतळावर येऊन भेटायची. टपालाच्या पिशव्या अदलाबदल करून आपापल्या गावी परत. वडील सुट्टीवर असले की रात्री आवाज ऐकून विमान ओळखायचे.

इतिहासवेडा

काका, त्या डकोटाचा वेगळा धागा काढाच. इथे मोनोप्लेनला प्रवेश नाही. :)

सोनेगावकर

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझा निर्णय कळवतो. एस.ई.५ए आणि वापिटी १/७२ मध्येच करतो, मामा-भाचे शेजारी हवेत. तारांसाठी लायक्राचा सगळ्यात बारीक धागा. इतवारीला जाऊन नायलॉनही मोजून आलो, ०.११ भरला, तो १/४८ साठी ठेवतो. पुणेरी, फ्लाइंग वायरची जोडी १/७२ वर एकेरीच दाखवणार आहे. दोन धागे जवळ जवळ लावले तर तुम्ही म्हणता तसा पिंजरा होतो.

एक अडचण उरते. वरचा पंख बसवण्याआधी तारांची भोकं पाडायची की नंतर? आणि १/७२ चा पंख जेमतेम एक मिमी जाड.

पुणेरी स्प्रू

एकेरी तार योग्य. १/७२ चा तुमचा मुद्दा मला पटला.

भोकं आधीच, पंख सुटे असताना. ०.३ मिमीचा ड्रिल, हाताने फिरवायच्या पिन-व्हाइसमध्ये, आणि तार जाईल त्या कोनातच तिरकं धरा. सरळ पाडलं तर पंखाच्या पाठीतून बाहेर येतं. वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला धागे आधीच चिकटवून लोंबते ठेवा, टोकं टेपने एकत्र. पंख बसला, सांधे रात्रभर वाळले, की मग एकेक टोक खाली ओढून खालच्या भोकात. रंग, डिकल (पाण्याने चिकटणारी चित्रं) आणि वार्निश हे सगळं त्याआधी पूर्ण. तारा लागल्यावर पंखांमध्ये ब्रश जात नाही.

पंख ताठ ठेवायला फोमबोर्डचा साचा कापा: समोरून डायहेड्रल, बाजूने स्टॅगर (एक पंख दुसऱ्याच्या किती पुढे-मागे ते). किटमधल्या चित्रावरून मापं घेऊ नका, खऱ्या विमानाच्या आराखड्यावरून घ्या.

आणि पंखावरच्या कापडाचा झोल घासून कमी करा. बऱ्याच जुन्या किटमध्ये फासळ्यांच्या मध्ये कापड खाली लोंबतंय असं दाखवलेलं असतं. डोप मारलेलं लिनन डफाच्या चामड्यासारखं ताणलेलं असे.

अकोल्याची अश्विनी

लायक्रा ताणताना मूळ लांबीच्या दीडपटीपर्यंतच जा. त्यापुढे ताणलात तर धागा बारीक होतो आणि चमक बदलते, शेजारची तार वेगळी दिसते.

मेघना_धंतोली

फोकर मागवलं. घरात उत्सव चालू आहे. एक विचारायचं राहिलं: त्याच्या पंखावर ते रंगीबेरंगी षट्कोनांचं कापड आहे, ते रंगवायचं कसं? इतके छोटे तुकडे!

पुणेरी स्प्रू

रंगवायचं नाही, ताई. ते कापड कारखान्यातूनच तसं छापून यायचं, लॉझेंज म्हणतात, चार किंवा पाच रंगांचं. किटमध्ये त्याचं डिकल येतं. नसेल तर वेगळं मिळतं. पंखावर आधी चकचकीत वार्निश, मग डिकल पट्ट्या-पट्ट्यांनी, टोकापासून मुळाकडे. पट्ट्यांच्या जोडांवर फासळ्यांच्या फिती येतात, त्यामुळे सांधा लपतो. मुलाला एका वेळी एकच पट्टी लावू द्या आणि ती पूर्ण वाळल्यावर दुसरी.

वायुसैनिक_निवृत्त

सोनेगावकर, डॉल्फिन हातात घ्याल तेव्हासाठी. त्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे आहे, बाकीच्या बहुतेक विमानांच्या उलट. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर. त्यामुळे बाजूने बघताना स्ट्रट मागे झुकलेले दिसतील, ते बरोबरच आहे, सरळ करायला जाऊ नका. आणि प्रत्येक बाजूला दोन बे, म्हणजे स्ट्रटच्या जोड्यांमधले दोन कप्पे, आहेत. आतल्या बेच्या चारही तारा पुऱ्या करून, साच्यातून न काढता, मग बाहेरच्या बेला हात लावा.